डबड्यातली ॲम्बुलन्स

आमच्या डेपोत गाड्या धुवाच्या रॅम्पवर सकाळी कवाबी जा, पॅन्ट गुडघ्यापरेंत दुमडून, हातात पाइप धरून एक मानूस उभा दिसल. नवीन लागलेले पोट्टे त्याले 'धुलाईमास्तर' म्हनते आन हासते. मले असा राग येते का एकेकाच्या कानाखाली द्यावी! अबे, ज्या रस्त्यावर आता डांबर असूनबी तुमचे हातपाय कापते, त्या रस्त्यावर ह्या मानसानं भरली यष्टी गाऱ्यातून अशी काढली हाय का म्हातारीच्या मांडीवरचं एक अंडं फुटलं नाई.

खुशाल त्याचं नाव. सावलीकडचा, आमच्याच ढिवर समाजाचा. बाप तलावात जाळं टाके, ह्यानं स्टेअरिंग धरलं. मी मिथुन, त्याच्याच गाडीवरचा कंडक्टर. खुशालभाऊची गाडी का काढून घेतली आन ती त्याले परत भेटावी म्हनून आमी काय काय उपद्व्याप केले, ते सांगतो. उपद्व्याप माझेच जास्त होते.

दोन हजार सहाची गोष्ट हाय, पावसाळा सरत आला होता. धानोऱ्याच्या आतल्या गावाहून दुपारी गडचिरोलीले परत येऊन राह्यलो होतो. वाटेत सुकरी नावाची बाई नवऱ्याले घेऊन चढली. पत्रू त्याचं नाव. मलेरिया डोस्क्यात गेला होता, डोळे पांढरे केले होते त्यानं. लोकायनं उचलून त्याले मागच्या लंब्या सीटवर टाकलं. 'दवाखान्यापाशी उतरवून द्या भाऊ,' सुकरी म्हने. मी डबल बेल देल्ली, गाडी निघाली.

दोन-तीन वळनं झाली आन समोर झाड आडवं.

आता हे बाहेरच्या मानसाले सांगा लागते. आमच्याकडं रस्त्यावर झाड आडवं दिसलं का डायवर गाडी बंद करते. कोनी उतरत नाई, कोनी फांदीले हात लावत नाई. नक्षलवाल्यायनं तोडून टाकलं असन तं त्याच्याखाली सुरुंग असू शकते. गाववाले नाई तं पोलीस येऊन पाह्यते, बाजूले करते, तवाच गाडी हालते. हा नियम कोनी लिवून नाई ठेवला, पन सगळे डायवर पाळते. पाळला म्हनून जिते हाय.

खुशालभाऊनं इंजन बंद केलं. सुकरी समोर आली, काचेतून पाह्यलं आन वरडली, "मोह हाय भाऊ तो! मोह कोनी नाई कापत! आपल्यानं पडला!"

खरं बोलत होती. आमच्या जंगलात मोहाले कोनी कुऱ्हाड लावत नाई. फुलं देते, तेल देते, देवाच्या जागी हाय तो. आतले लोक, म्हनजे नक्षलवालेबी, तिथलेच पोट्टे, त्यायलेबी रस्ता अडवाचा असला तं ते दुसरं झाड पाह्यते. हे मले ठाऊक होतं, खुशालभाऊले ठाऊक होतं, गाडीतल्या सगळ्याले ठाऊक होतं. पन भेव मोठं वाईट असते जी. त्याच्यापुढं ठाऊक असलेलं कोनाले आठवते?

"बाई, जागेवर बस," खुशालभाऊ म्हने. "उतरू नको."

तिनं बोनेटवर हात आपटले. मंग रडली, मंग शिव्या देल्ल्या, मंग नुसती नवऱ्यापाशी जाऊन बसली. उन्हं कलली तवा गाववाले पोलिसायले घेऊन आले. मोह मुळासकट उपटून पडला होता, मुळायले ओली माती चिकटून होती. कुऱ्हाडीचा एक घाव नाई. चार जनायनं वढला आन बाजूले केला. खुशालभाऊनं सेल मारून इंजन चालू केलं आन तवाच मागून सुकरीचा हंबरडा आला. तसा आवाज मी कोन्या बाईच्या तोंडून परत ऐकला नाई, ऐकावाबी नाई.

खुशालभाऊले कोनी दोष देल्ला नाई. डेपोचा साहेब म्हने, बरोबर केलं, पूर्न गाडी वाचवली. बाकीचे डायवर म्हने, आमीबी हेच केलं असतं. सुकरी तं काहीच बोलली नाई. कोनीतरी दोन शिव्या हानल्या असत्या तं बरं झालं असतं, असं मले वाटते.

त्याच्यानंतर त्याचा पाय बिघडला. रस्त्यावर वाळलेली फांदी दिसली, गाडी बंद. कोनाच्या बैलगाडीतून पडलेला तनसाचा भारा दिसला, गाडी बंद. बंद करे आन बसून राहे, समोर पाहात. प्रवासी बोंबलत, मी घंटी वाजवून वाजवून दोरी तोडली, हा हाले नाई. शेवटी लाइनीवरून काढला आन रॅम्पवर पाइप हाती देल्ला. साहेब तसा भला मानूस. म्हने, शिमग्याच्या महिन्यात एक ट्रायल घेतो खुशाल, धानोऱ्याच्या रस्त्यानं. गाडी नीट नेऊन आनली तं लाइन परत भेटल. नाई तं मंग कायमचं इथीच.

खुशालभाऊ हो म्हने आन खाली मान घालून टायर धुत राहे. त्याची बायको कुंता मले बाजारात भेटली तं रडकुंडीले आली होती. "मिथुनभाऊ, घरी बी खुर्चीत बसून पाय दाबते हो, ब्रेक दाबल्यावानी."

मीबी डोस्कं चालवलं. माझ्यापाशी एक हातातला गेम होता, नागपुरातून जुना घेतलेला. दुपारी रेस्टरूममधी आडवा पडून मी तोच खेळत राहो. त्याच्यात एक मोठं शहर हाय. कुठीबी फिरा, कोनाचीबी गाडी हिसका, पोलिसायच्या अंगावर घाला, बँक लुटा. गुंडागर्दीचा गेम. मी म्हनलं, ह्याच्यात रस्त्यावर काय काय आडवं येते! सगळं उडवाची सवय लागली तं पाय मोकळा होईल.

"खोट्या रस्त्यानं खरा पाय सुधरते का बे?" खुशालभाऊ म्हने. "हे पोट्ट्यायचं डबडं घेऊन जा तिकडं."

"भाऊ, एकडाव पाहा तं."

"पाह्यलं. फालतू हाय."

पन शिमगा जवळ येऊन राह्यला होता. एक दिवस जेवन झाल्यावर मुकाट्यानं हात पुढं केला. मी गेम सुरू करून देल्ला.

अरारा, काय ती गंमत! पह्यल्यांदा गाडी हिसकाचीच तयारी नाई. "कोनाची हाय? चावी कुठी हाय?" म्हने. मी म्हनलं, "कोनाची नाई भाऊ, डब्यातली हाय." तं म्हने, "चोरी तू कर, मी चालवीन." मंग मी दरवाजा उघडून कोनाले तरी रस्त्यावर फेको आन डबडं त्याच्या हाती देओ. हा लाल दिव्याले थांबे. वळनाले हॉर्न वाजवे. मागच्या गाड्या धडाधड ठोकत, हा म्हने, "काय अडानी लोक हाय ह्या शहरातले, एकाले बी लायसन देऊ नये." रेस्टरूममधले डायवर पोट धरधरून हासत. नथ्थू डायवर म्हने, "खुशाल, तिकीट बी फाड ना मंग!" कितीतरी दिवसायनं खुशालभाऊबी हासला.

पन पोलिसायनं रस्त्यावर लाकडी अडसर टाकला का खलास. हा गाडी थांबवे. बोट बटनावरून काढून घे. पोलीस येत, धरत, पडदा काळा होये.

"उडवा ना भाऊ! लाकूडबी नाई ते, चित्र हाय चित्र!"

"दिसते ना बे मले."

दिसे, पन बोट दबे नाई. आठ-दहा दिवस हेच. मले चीड आली. मी म्हनलं, जाऊ दे मरू दे, आपल्या बापाचं काय जाते! पन कुंताबाईचा चेहरा आठवे.

मंग एक दिवस माझ्याच हातून गेममधल्या दवाखान्यासमोरची ॲम्बुलन्स चोरल्या गेली. चोरली तं गेमनं नवीनच काम देल्लं. शहरात कुठीतरी पेशंट पडला हाय, त्याले उचला आन टाइम सरायच्या आधी दवाखान्यात न्या. मी ते कवाच खेळलो नव्हतो, गुंडागर्दी सोडून पेशंट कोन उचलते? खुशालभाऊ मागून पाहून राह्यला होता. त्यानं डबडं माझ्या हातातून वढूनच घेतलं.

मी काय पाह्यलं तुमाले सांगतो. पेशंट मागं बसला आन हा मानूस बदलला. लाल दिवा पाह्यला नाई. फुटपाथवरून घातली, बागेतून घातली. समोर पोलिसायचा अडसर आला. खुशालभाऊचा अंगठा पांढरा पडला होता, इतक्या जोरानं दाबला होता. लाकडाचे तुकडे उडाले, ॲम्बुलन्स पलीकडं. पेशंट दवाखान्यात पोहोचला. रेस्टरूममधी असा कल्ला झाला का कॅन्टीनवाला पराठ्याचा सराटा घेऊन धावत आला.

खुशालभाऊनं डबडं मांडीवर ठेवलं आन मले इचारलं, "ह्या पेशंटचं मंग काय होते?"

"काही नाई भाऊ. दुसरा पेशंट येते."

"वाचला का तो?"

"पोहोचला म्हनजे वाचलाच."

"कोन म्हनते?" म्हने. विश्वास नाई त्याले. पन दुसरा पेशंट उचलाले निघाला.

त्याच्यानंतर तो दुसरं काही खेळला नाई. रोज ॲम्बुलन्स. काय आडवं येते ते येऊ दे, गाडी थांबे नाई. मी घरी जाऊन बायकोले सांगतलं, आता खुशालभाऊची ट्रायल झालीच समज. कुंताबाईनं मातामायले नारळ कबूल केला. मी तं साहेबाच्या मागं लागून ट्रायलवर सोबत जायची परवानगीबी काढली, म्हनलं घंटीवाला ओळखीचा पाह्यजे.

ट्रायलच्या दिवशी ऊन चांगलं होतं. पळस फुलला होता. खाली गाडी, पूर्न गाडीत आमी तिघंच. साहेब पुढच्या सीटवर, मी घंटीच्या दोरीपाशी. खुशालभाऊनं दाढी केली होती, खाकी कपड्याले इस्त्री होती. मी डबल बेल देल्ली. गाडी अशी निघाली का साहेबानं मागं वळून माझ्याकडं पाह्यलं आन मान डोलवली. वाटेत एका वळनावर फांदी पडली होती. खुशालभाऊनं ती चाकाखाली घातली. कडकड वाजली आन मागं गेली. मले वाटलं उठून नाचावं!

मंग एका गावापाशी बायायनं बांबू धरला.

शिमग्यात आमच्याकडच्या बाया रस्त्यावर बांबू नाई तं दोर आडवा धरते, गानं म्हनते, फगवा मांगते. डायवर थांबते, हासते, पाच-दहा रुपये देते, बाया बांबू उचलते. इतकंच. त्या दिवशी सात-आठ बाया होत्या, केसात पळसाची फुलं खोसलेल्या. थांबाच लागते तिथी, मानसं हाय ते, डब्यातलं चित्र नाई. खुशालभाऊ थांबला. बरोबर थांबला. साहेबानं खिडकीतून दहाची नोट देल्ली. बाया हासल्या, एक कडवं म्हनलं आन बांबू उचलून बाजूले झाल्या.

रस्ता मोकळा झाला. मी डबल बेल देल्ली.

गाडी हालली नाई. इंजन बंद होतं. कवा बंद केलं, मले समजलंच नाई.

"चल खुशाल," साहेब म्हने.

खुशालभाऊ समोर पाहून राह्यला होता. समोर काहीच नव्हतं, नुसता रस्ता. मी परत बेल देल्ली. परत देल्ली. बाया थांबून पाहाले लागल्या. मी पुढं गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अंगातून घाम निघून राह्यला होता त्याच्या.

"भाऊ, बांबू होता. उचलला. चला ना."

"मिथुन," तो हळूच म्हने, "मागं कोनी पेशंट हाय का?"

मले एकदम डोस्क्यात उजेड पडला. मी म्हनलं, "हाय भाऊ, हाय! मागच्या सीटवर हाय, लय सिरीयस हाय. दाबा लवकर!"

त्याचा हात सेलकडं गेला. पायबी गेला. आन मंग त्यानं वर आरशात पाह्यलं. मीबी पाह्यलं. एकामागं एक रिकाम्या सीटा आन सगळ्यात मागं ती लंबी सीट.

त्यानं हात खाली घेतला.

"खाली हाय बे गाडी," म्हने. "मोहाच्या दिवशी भरली होती."

मंग दोन्ही हात मांडीवर ठेवून नीट बसला.

"आता कायची घाई हाय? थांबू."