सवयीचं "येतो"

मंडळी, दुपारपासून डोकं जागेवर नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही स्कॉटलंडमधल्या एका जुन्या बंदराच्या गावी होतो. दगडी धक्क्याजवळ एका आजीबाईंचं छोटं हॉटेल. तीन दिवस तिथेच जेवलो. शेवटच्या दुपारी त्यांनी आमचा फोटो काढला, पाठवायला नंबर घेतला. निघताना मी सवयीने म्हणालो, "ओके, वी विल कम."

आपलं "येतो" हो! "जातो" म्हणायचं नसतं ना.

आज इकडे आखातात, फहाहीलला ऑफिसात फोटो आला. खाली लिहिलेलं, "त्या संध्याकाळी सूप करून तुमची वाट पाहिली. सगळे बरे आहात ना?"

घरी सांगितलं. बायको हसली. दहा वर्षांची सई मात्र म्हणाली, "बाबा, यू लाइड टू हर."

नाशिकहून निघताना आईलाही "येतो" म्हणालो होतो. मग सुट्टी पुढे ढकलत राहिलो. गेलो तो थेट दहाव्याला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "रोज तुझी खोली झाडायची रे."

परतताना घराला कुलूप लावलं आणि रिकाम्या घरालाही "येतो" म्हणालो.

तुम्ही शेवटचं "येतो" कोणाला म्हणालात? गेलात का परत?