खजिनदाराची घोडेस्वारी

आमच्या संस्थेचा खजिना दोन घोडे खातात आणि मी त्या संस्थेचा खजिनदार आहे.

संस्था आमच्या सौभाग्यवतींची. पीटी टीचर म्हणून रिटायर झाल्यावर वंदनानं आमच्या गोहलपूर-चेरीताल वस्त्यांतल्या पोरांना फुकट घोडेस्वारी शिकवायला घेतली. पहिल्या वर्षी खर्च माझ्या पेन्शनमधून भागला. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांच्या वर्गणीतून. तिसऱ्या वर्षी आम्ही दिसलो की शेजारी दार लावायला लागले! (बादल आणि चांदणीची भूक मात्र जशीच्या तशी.) शेवटी चांदणीला विकायचं ठरत आलं. पोरं रडवेली झाली. तेवढ्यात ही बातमी ऐकून, मदत करावी का ते ठरवायला, एक मिठाईवाले सेठजी आमचं मैदान बघायला आले.

"भाईसाहब, आप भी चलाते हैं?" त्यांनी मला विचारलं.

"बचपन से!" मी म्हणालो. (बालपणीचा माझा घोडा लाकडी होता.)

"तो दिखाइए!"

"अहो, काहून चढून राहिले तुम्ही?" वंदना ओरडली. पण आता संस्थेच्या इज्जतीचा सवाल होता! स्टूल लावून मी चांदणीवर चढलो.

चार पावलं ती शहाण्यासारखी चालली. मग तिला सेठजींच्या गाडीच्या बोनेटवर पोरांसाठी ठेवलेली खोव्याची जलेबी दिसली. तिनं अर्धा डबा फस्त केला! ड्रायव्हरनं घाबरून हॉर्न दाबला आणि चांदणी उधळली. माझा चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि मी लगाम सोडून घोडीच्या गळ्यात!

"मम्मीऽऽ!" (हे मीच ओरडलो, असं सगळे सांगतात.)

मागून टापा ऐकू आल्या. बादलवर सना होती! गोहलपूरच्या टेलरची ही पोरगी पहिल्या वर्षी घोड्याच्या शेपटीलाही भ्यायची. तिनं बादलला अगदी लगत आणलं, वाकून चांदणीचा लगाम धरला आणि दोघांना अलगद थांबवलं.

"अंकल, अब गर्दन छोड़िए. उसका दम घुट रहा है."

वंदनाचे डोळे भरून आले. मी अनवाणी उतरलो, पण छाती फुगवून.

"देखा सेठजी? हमारी बच्ची!"

"देखा! चांदनी कहीं नहीं जाएगी. हर साल का चारा मेरा," सेठजी म्हणाले. "बस, खजांचीजी को भी सिखाइए!"

तेव्हापासून चारा दरवर्षी येतो, आणि मी दर रविवारी सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये उभा असतो. परवा ती सगळी पास होऊन वरच्या बॅचला गेली. मीही बॅग उचलली, तर आता आमच्या बॅचला शिकवणाऱ्या सनानं खांद्यावर हात ठेवला.

"अंकल, आपका एक साल और!"