दुसऱ्या वाचकाची शंका

आयाकुचो विद्यापीठाच्या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात डोन्या एउदोसिया पालोमिनो यांनी आयुष्यभर पुस्तकपरीक्षणं लिहिली. कारण साधं होतं. परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक फुकट मिळे, आणि विभागात शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्याच होत्या. परीक्षणं गोड असत. असणारच. ज्यांची पुस्तकं येत, त्यांतल्या निम्म्यांच्या मुलांच्या त्या धर्ममाता होत्या आणि उरलेले त्यांच्या मुलीचे कसले ना कसले धर्मपिता. आमच्याकडे धर्मपिता नुसता बाप्तिस्म्याला लागत नाही. जावळाला लागतो, घरावर छप्पर चढवताना लागतो, पोरांच्या फुटबॉलच्या सदऱ्यांनासुद्धा लागतो. एकदा झाला की तो घरातल्या मोठ्या माणसांचा कोमपाद्रे, आणि त्या घरातली बाई त्याची कोमाद्रे. व्याही म्हणावं तर लग्न नाही, भाऊ म्हणावं तर भांडण नाही.

या चालीवरच त्यांनी शेवटी लेख लिहिला. पहिला आणि, जुलैत निवृत्त होणार असल्याने, बहुधा शेवटचा. त्यात एक वाक्य त्यांच्या फार आवडीचं होतं: या गावात परका माणूस एका दुपारीत आपला होतो.

नियतकालिकाचा नियम असा की लेखकाचं नाव झाकून लेख दोन बाहेरच्या वाचकांकडे पाठवायचा, आणि वाचक लेखकाच्या नात्यातला नको. संपादक डोन तेओफानेस यांच्या नाकी नऊ आले. ज्याचं नाव काढावं तो एउदोसियाबाईंचा कोमपाद्रे. शेवटी एक वाचक पुनोत मिळाला, दुसरा आणखी कुठेतरी. पुनोवाल्याला लेख आवडला. दुसऱ्याने लिहिलं की लेखकाने फारच फुगवून सांगितलं आहे. अनोळखी माणूस, तोही शिकलेला, एका दुपारीत कोणाचा नातलग होत नाही. एखादं ताजं उदाहरण पुराव्यासह द्यावं, नाहीतर छापू नये.

एउदोसियाबाईंची उदाहरणं त्यांच्या आजीच्या काळातली. त्यातलं एकही माणूस साक्ष द्यायला उरलं नव्हतं. उत्तर महिनाअखेर हवं होतं. त्यापुढचा अंक निघेपर्यंत त्या घरी बसलेल्या असणार.

“मग छापून आला तर दाखवू कोणाला?” त्या मुलीला, नेलिदाला म्हणाल्या. “कोंबड्यांना?”

नेलिदाने त्यांना कांदे चिरायला बसवलं. रविवारी तिच्या मुलाचं, एल्मेरचं जावळ होतं.

रविवारी बारा वाजले, पाहुणे जमले, लाल रश्शातले बटाटे शिजले, भाड्याने आणलेला बँड दुसऱ्यांदा तीच धून वाजवू लागला, आणि धर्मपिता आले नाहीत. ते वांता गावातले गुरांचे डॉक्टर. घाटात दरड कोसळली होती. एल्मेरच्या केसांना रिबिनी बांधलेल्या, आणि तो एकेक ओढून काढत रडत होता. तेवढ्यात एउदोसियाबाईंनी भिंतीवरून शेजारच्या खानावळीच्या अंगणात पाहिलं. स्वच्छ टोपी घातलेला एक गृहस्थ पाव कॉफीत बुडवून खात होता. विद्यार्थ्याच्या प्रबंधाची परीक्षा घ्यायला अरेकिपाहून आलेले डॉक्टर वाल्देइग्लेसियास, असं खानावळवालीने सांगितलं.

“डॉक्टर, तुम्हाला कात्री धरता येते का?”

“येते. पण कशासाठी?”

“मग पाव ठेवा आणि या.”

नाही म्हणायला त्यांना जागा मिळाली नाही. पाचच मिनिटांत त्यांच्या एका हातात कात्री, दुसऱ्यात पहिली बट, आणि पुढ्यात नेलिदाने धरलेलं ताट. त्यांनी बट कापली, ताटात ठेवली, वर एक नोट ठेवली, आणि चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पेला घेऊन हसू लागले.

“गंमत बघा, कोमाद्रे,” ते एउदोसियाबाईंना म्हणाले. “परवाच एका लेखाबद्दल मी लिहून पाठवलं की असं कुठे घडत नाही.”

हाच तो दुसरा वाचक, हे बाईंनी ओळखलं. तो लेख माझाच, असं सांगितलं तर हा सरळ माणूस उद्या संपादकांकडे जाऊन, आता नातं झालं म्हणून आपलं मत मागे घेणार, मग तिसरा वाचक शोधा, आणि जुलै उलटणार. त्यांनी पेला पुन्हा भरला आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, “तोंड नको. पुढची बट कापतील तेव्हा कात्री धरलेल्या हाताचा फोटो काढ.”

संध्याकाळी डॉक्टरांनी जरा रोखून पाहत विचारलं, “कोमाद्रे, तुम्ही लिहिता का काही?”

“पुस्तकपरीक्षणं,” बाई म्हणाल्या.

सोमवारी फोटो संपादकांच्या टेबलावर होता. खाली लिहिलं होतं: धर्मपिता अनोळखी, शिकलेला, ओळख आणि जावळ यांच्यात कॉफी निवेल एवढाच वेळ.

तेओफानेस यांनी फोटोतल्या हातातली अंगठी निरखली. “डोन्या एउदोसिया, या हाताबरोबर मी शनिवारी जेवलोय.”

“मग विसरा.”

“विसरू कसा? आता तो तुमचा कोमपाद्रे. त्याचं मत चालत नाही.”

“मत दिलं तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हते. आणि दिलं ते माझ्या विरुद्ध. नातलग विरुद्ध बोलला तर काय करायचं, ते नियमात दाखवा.”

नियमात ते नव्हतं. शिवाय तेओफानेस स्वतः बाईंच्या छपराचे धर्मपिता होते, ती आठवण त्यांना कोणी करून द्यावी असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी फोटो रीतीप्रमाणे दुसऱ्या वाचकाकडे पाठवला. उत्तर लगेच आलं.

“शंका फिटली. पुरावा नाकारता येत नाही, हात माझाच आहे. लेख छापावा. मात्र यापुढे या लेखकाचं काही मला पाठवू नये. आमचं नातं आहे.”

जूनमध्ये अंक निघाला. एउदोसियाबाई तो काखोटीला मारून भाजी आणायलासुद्धा गेल्या. त्याच आठवड्यात परीक्षणासाठी अरेकिपाहून एक जाडजूड पुस्तक आलं. लेखकाचं नाव वाल्देइग्लेसियास. बाईंनी ते संपादकांकडे परत पाठवलं; सोबत निरोप, नात्यातला माणूस आहे, मला लिहिता येणार नाही.

पाठवायला मात्र थोडा उशीर झाला. शेवटची दोन प्रकरणं वाचायची राहिली होती.