कांबळे सरांची घोरपड

त्या दिवशी मी गिरणीत ज्वारीचा डबा ठेवून नंबराची वाट बघत होतो. बापू चौगुले सायकल बाहेर टेकवून आत आले आणि म्हणाले, "सर गेलं." गिरणी चालू होती, त्यामुळे त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. मग आम्ही दोघं फिरणाऱ्या पट्ट्याकडे बघत उभे राहिलो. बापू म्हणाले, "आता वाघाच्या बाजूनं कोन बोलायचं?"

गिरणीवाल्यानं चमकून आमच्याकडे पाहिलं. त्याला काय सांगणार? एकाच कट्ट्यावर वर्षानुवर्षं बसलं की किस्से असे साठत जातात, की बाहेरच्या माणसाला एक वाक्य समजावायचं तर आधीचं सगळं सांगावं लागतं. म्हणून सांगतो.

*

कट्टा कोल्हापूरच्या गंगावेशीतला, दुधाचा. संध्याकाळी म्हादबा गवळी तिथं म्हशी आणून उभ्या करायचा आणि समोर धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचा. अर्जुन कांबळे माझ्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, मी मराठी. बापू जुने पैलवान. आता खेडोपाडी कुस्तीच्या मैदानात पंच म्हणून जायचे.

एकदा सरांनी लायब्ररीतल्या इंग्रजी मासिकात वाचलेलं सांगितलं. फार पूर्वी ऑस्ट्रेलियात बैलगाडीपेक्षा लांब घोरपड होती, आता तिची नुसती हाडं सापडतात. आम्ही ऐकून घेतलं. बापूंनी मात्र पेला खाली ठेवला.

"वाघाबरोबर जोड लावली तर?"

सर म्हणाले, घोरपड जिंकेल. बाकी सगळा कट्टा वाघाकडे गेला. बापूंनी वजन विचारलं. सर म्हणाले, नक्की कुणालाच माहीत नाही, हाडं अपुरी आहेत.

"वजन ठावं नसताना आमी जोड लावत न्हाय," असं म्हणून बापूंनी जोड लावली, ती सात-आठ वर्षं सुटली नाही.

*

बापू पंच, त्यामुळे नियम कुस्तीचे. पाठ मातीला लागली की हार. सर हाच नियम धरून बसले. घोरपड जन्मापासून पोटावर, चारी पाय फाकून मातीला चिकटलेली. तिची पाठ लावणार कोण? आणि वाघ तर झेप घेताना चुकून का होईना, उलटतो.

बापू आपल्याच नियमात सापडले. त्या संध्याकाळी ते लवकर घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले ते तयारीनंच.

"सर, जो गडी नुसता पोटावर पडून ऱ्हातोय, त्याला आमी कुस्ती देत न्हाय. उठवून मैदानाबाहेर घालवतो."

सर इतके हसले की दूध सदऱ्यावर सांडलं.

*

सर प्रामाणिक होते. घोरपडीचं रक्त थंड, उन्हात अंग तापल्याशिवाय तिला जोर येत नाही, हे त्यांनीच सांगून टाकलं. लगेच मी म्हटलं, मग कुस्ती पहाटे घ्या. सर म्हणाले, कोल्हापुरात पहाटे मैदान भरलेलं कुणी ऐकलंय का? मैदान दुपारीच भरतं.

वाद वाढला तसा म्हादबा म्हशीच्या पोटाखालून म्हणाला, "कवा बी घ्या, पर धारंच्या टायमाला नको. मला बी बघायचं हाय."

*

सरांच्या पत्नी सुमनवहिनी बालवाडीत शिकवायच्या. एकदा मी घरी गेलो असता त्यांनी विचारलं, "पण ती दोघं भांडतायत कशासाठी?"

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कट्ट्यावर मांडणी केली की समजा, एक म्हैस मरून पडली आहे. म्हादबानं धार थांबवली.

"माझी म्हस ह्यात आनायची न्हाय."

सरांनी लगेच सांबर घेतलं. तरी त्या दिवशी त्यांच्या पेल्यात फेस जास्त आणि दूध कमी होतं.

*

मग सरांचा आवाज बसला. आधी वाटलं, खडूची धूळ. गळ्याला मफलर आला, मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी वहिनींना काय सांगितलं ते वहिनींनी मला सांगितलं आणि मी बापूंना. सरांना कळू द्यायचं नाही असं ठरलं.

त्याच संध्याकाळी बापू म्हणाले, "सर, मी लई इचार केला. घोरपडच जिंकल." म्हादबा म्हणाला, व्हय, त्यालाही तसंच वाटायला लागलंय. मीही मान हलवली.

सरांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. आवाज घोगरा होता, पण प्रत्येक शब्द कळला.

"इतकी वर्षं एकजणही माझ्या बाजूला आला नाही. आज सगळे एकदम आलात. म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलं."

सरांनी दूध संपवलं, मिशी पुसली.

"ठीक आहे. घोरपड तुम्ही सांभाळा. उद्यापासून मी वाघाकडून."

*

आणि खरोखरच ते वाघाकडून लढले. कट्ट्यावर येणं थांबल्यावर आम्ही घरी जाऊ लागलो. गेल्या गेल्या सर हातानं खूण करायचे, बोला. आमची घोरपड रोज मार खायची. बापू रस्त्यात मला म्हणायचे, "आपला गडी कच्चा पडतोय की मास्तर. काय तरी वाचून या."

शेवटचं गेलो तेव्हा मी एकटाच होतो. सर उशीला टेकून बसले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि त्याही ऐकत उभ्या राहिल्या.

"माने," सर अगदी हळू म्हणाले, "वाघाला लढायची गरजच नाही. तो लांब बसून राहील. त्याला काय, रात्रीचंही दिसतं. ऊन उतरल्यावर तुमची घोरपड काय करणार?"

उद्या येऊन सांगतो, मी म्हटलं.

"सुचल्याशिवाय येऊ नका," सर म्हणाले. "उगाच हरू नका."

मी लायब्ररीत गेलो, सरांचं ते मासिक काढून पुन्हा वाचलं. मग सहामाहीचे पेपर आले, ते तपासत बसलो. तेवढ्यात गिरणीतला तो दिवस उजाडला.

बापू अजून कट्ट्यावर विचारतात, काय सुचलं का. मी म्हणतो, अजून नाही, वाचतोय.