महिपतीचे मोडके कान

आमचा महिपती अकलूजच्या बाजारात दिसला तर तुम्ही आपोआप वाट सोडाल. शहात्तर वर्षांचा गडी, अंगानं काठी. पण दोन्ही कान असे चुरगळलेले, की वाटावं, कोणी ओल्या मातीचे करून वाळायच्या आत मुठीत दाबले. आमच्या भागात अशा कानांचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. हा माणूस तालमीत वाढला, मातीत डोकं घासघासून याचे कान मोडले. जत्रेच्या कुस्त्यांत महिपतीला पंचांच्या शेजारी खुर्ची असते, दरसाल फेटा असतो. एसटीत कॉलेजची पोरं उठून त्याला जागा देतात.

आणि हा महिपती आयुष्यात एकही कुस्ती खेळलेला नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याचे कान मी मोडले.

आता सांगतो. रूपाचं वेड काही आजचं नाही. माझ्या वडिलांच्या काळात मिशीला भाव होता. आम्हा पोरांच्या भाकरीला तूप नसायचं, पण आप्पांच्या मिशीला रोज लागायचं. ते झोपले की मुंग्यांची रांग लागायची. आई पदरानं मुंग्या झटकायची आणि म्हणायची, "आनी दोन लेकरं परवडली असती, ही मिशी न्हाय परवडत." आमच्या वेळेपर्यंत मिशी मागं पडली आणि कान पुढं आले. मुलीचे बाप आधी कान बघत, जमीन किती हे मग विचारत.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली महिपतीच्या मनात गोजर भरली. तिचा बाप कुस्तीचा लई शौकीन. पोरगी देईन तर पैलवानालाच, असं त्यानं चावडीवर सांगून ठेवलेलं. आणि महिपतीची छाती अशी, की अंगातला सदरा दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. एक दिवस माझ्याकडं आला आणि म्हणाला, "कुस्ती शिकायला तीन वर्सं लागत्यात. नुसतं कान मोडायला किती लागतील?"

महिना लागला. आमच्या गोठ्यात तो तोंडात टॉवेलाचा बोळा धरून बसायचा. मी आधी गोणपाटानं कान रगडायचो, मग आईच्या धुण्याच्या धोपाटण्यानं ठोकायचो. कान वांग्यासारखे सुजले, आतलं रक्त गोठलं, घट्ट झाले. मग गडी पाव्हण्यांपुढं जाऊन बसला आणि डोक्याचा टॉवेल सावकाश सोडला. बैल घेताना दात बघावेत तसे सासऱ्यानं कान चाचपले, आणि तिथंच सुपारी फुटली.

पुढं जन्मभर महिपतीनं एकच काळजी वाहिली, की कोणी आपल्याला लढ म्हणू नये. सव्विसाव्या वर्षीच त्यानं 'गुडघा गेला' म्हणून निवृत्ती घेतली. म्हातारपणी ऐकू येईना झालं, तेव्हा तर तो खूशच झाला. कोणी विचारलं, "आबा, वस्ताद कोण तुमचे?" की हा कानाकडं बोट दाखवून हसायचा. लोक म्हणायचे, बघा, एवढा मोठा पैलवान, पण बढाई म्हणून नाही.

गेल्या हंगामात मात्र आक्रीत झालं असतं. उसाची ट्रॉली, तिच्यावर गाण्याचा भोंगा, सगळा रस्ता हादरतोय, आणि महिपती रस्त्याच्या मधोमध निवांत चाललाय. ड्रायव्हरनं चाक गटारात घातलं म्हणून वाचला. मग त्याचा नातू अजिंक्य महिपतीला, गोजरबाईला आणि मला गाडीत घालून सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. अजिंक्य म्हणजे आताच्या रूपाचा नमुना. जिमला जातो, डब्यातली भुकटी पितो, आरशात दंड बघतो. आजीनं गॅसची टाकी उचलायला हाक मारली, तर म्हणतो, "आज पायाचा दिवस हाय आजी, हाताचा उद्या."

डॉक्टर बघून म्हणाले, "मोडलेल्या कुर्चेनं कानाची भोकंच बुजत आलीत. जास्तीचा भाग काढला तर यंत्र बसेल, ऐकू येईल. आकारही पुष्कळ सरळ होईल."

अजिंक्यनं हे मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांना दाखवलं. महिपतीनं वाचलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले. "न्हाय. भैरा मरीन, पर कानाला हात लावू देनार न्हाय."

पैलवानाचा स्वाभिमान बघून डॉक्टरांचे डोळे भरून आले. खरी गोष्ट मला कळत होती. सरळ कानांच्या महिपतीला कोण खुर्ची देणार?

डॉक्टरांनी आदरानं विचारलं, "कुठल्या कुस्तीत गेले हो बाबांचे कान?"

मी पंख्याकडं बघू लागलो. महिपतीला तर काही ऐकूच आलं नव्हतं. तेवढ्यात गोजरबाईनं पदर सावरला. "मिरजंकडचा गडी हुता, डाक्टरसायेब. रेड्यावानी. अर्दा तास मान दाबून धरली ह्यांची. शेवटाला ह्यांनी ढाक लावली, आन् त्यो गप उताना. फेटा अजून हाय घरी."

मी बाहेर बाकड्यावर तिला गाठलं. "वहिनी, हे कुटनं काढलंत?"

"तुमीच कान ठोकलं की भावजी, आन् मलाच इचारता? लग्नाच्या पयल्या वर्साला बोकड सुटला, तवा हे माज्या मागं लपलं. तवाच कळलं. धोपाटन्याचं मागनं तुमच्या आईनं सांगितलं."

"मग बोलला न्हाईत?"

"कशाला? पैलवानाची बायकू म्हनून नळावर माज्याशी अजून कुनी भांडलं न्हाय. ते काय फुकट हाय? पर खरं सांगू? ते कान मला कवाच आवडलं न्हाईत. सरळ कानाचा मानूस मला बरा वाटायचा. मला इचारलं कुनी?"

एवढं बोलून ती आत गेली आणि अजिंक्यला म्हणाली, "लिव तुज्या फोनवर. डावा माजा, उजवा गावाचा."

महिपतीनं ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. डावा तेवढा सरळ झाला, यंत्र बसलं.

आठ दिवसांनी मी भेटायला गेलो, तर गोजरबाई त्याच्या डाव्या अंगाला बसून त्याचीच कुस्ती त्याला शिकवत होती. आता बहिरेपणाचा आडोसा गेला, लोक विचारणार, उत्तर तोंडपाठ पाहिजे.

"रेड्यावानी गडी आन् मी पाडला?" महिपती घाबरून म्हणाला. "कुनाला पटंल? बरोबरीत सोडव की ती."

"बसा गप. आता मागं कुटं सरकता? म्हना परत, मिरजंकडचा गडी हुता…"