इतर हक्क

महाडला नाते रोडच्या चढावर आमचं घर उभं राहिलं, पुराचं पाणी कधी येणार नाही अशा जागी. सासूबाई पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आधी जागेचा उतारा वाच." शिवथरकडच्या भातशेतीत जन्म गेलेला, घर बघायच्या आधी कागद बघायची त्यांची रीत. आमचे हे शाळेत धडा वाचावा तसे हौसेने वाचत सुटले. यांचं नाव आलं, क्षेत्र आलं, आणि पाठोपाठ आलं, "इतर हक्क, बँकेचा बोजा."

"म्हंजे घरावर दुसऱ्याचा हक्क हाय?"

"अगं आये, तसं नाही. घरासाठी कर्ज काढलंय ना, ते फिटेपर्यंत तसं लिहून ठेवतात."

"लिवलाय ना? मग झाला तर. परक्याच्या घरात मालकानं बोलावल्याबिगर मी पाय ठेवायची नाय."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. कसली चेष्टा! वास्तुशांतीला सगळी भावकी आत पंगतीला बसली आणि या बाई बाहेर ओट्यावर फडकं सोडून गावची भाकरी खात बसल्या. आल्यागेल्याने मला विचारायचं, "सासूचं काय बिनसलंय गं?" मी आतून नुसती धुमसत होते.

पुढे तेच चालू राहिलं. महिन्यातून एकदा त्या एसटीने यायच्या, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, पिशवीत वाल आणि आमसुलं. ते सगळं माझ्या हातात द्यायचं, नातवंडांना ओट्यावरच मांडीवर घ्यायचं, स्वतःची भाकरी खायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत. एकदा मी चिडून म्हटलं, "तांदूळ तरी कशाला देता मग परक्याच्या घरात?" तर म्हणतात कशा, "तांदूळ तुमाला दिला, बँकेला नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि तांदूळ डब्यात ओतला.

यांचा एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यातला एकच पगार. मुलं लहान, मी घरात. कर्ज पंधरा वर्षांचं आणि आमची समजूत अशी की पंधरा वर्षं म्हणजे पंधरा वर्षं, मधे सुटका नाही. सासूबाईंचे गुडघे दर फेरीला जास्त कुरकुरायला लागले होते. ओट्यावरून उठताना त्या खांबाला धरायच्या. ते बघून मनात यायचं, ही बाई लेकाच्या घरात एक घास न खाता गेली तर? ही भीती मी यांनाही बोलून दाखवली नव्हती.

अशात एकदा बँकेचे साहेब काही कामासाठी घर बघायला आले. नेमक्या सासूबाई ओट्यावर. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या साहेब, तुमचाच घर हाय." साहेब खूश झाले. लगेच पुढे, "साहेब, तुमच्या घरातला तांब्याभर पाणी पिऊ काय? सून कवाधरनं देतेय, पण मालकाला इचारल्याबिगर कसा घेऊ?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांचे कान लाल झाले. "अहो आजी, घर तुमचंच आहे!"

"मग तसा कागदावर लिवा."

साहेब बिचारे चहाचा कप घेऊन माझ्याकडे वळले. म्हणाले, "वहिनी, हप्त्याच्या वर थोडं थोडं भरत चला. ते सरळ मुद्दलातून वजा होतं. कर्ज बरंच आधी फिटेल."

म्हणजे मधे सुटका होती! इतकी वर्षं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही शहाण्यांनी विचारलंही नव्हतं.

साहेबांची पाठ वळताच मी यांना धरलं. दिवाळीचा बोनस बँकेत. ओव्हरटाइमचे पैसे बँकेत. रंगीत टीव्ही नको, मुलं शेजारी जाऊन बघतील. एका बोनसला हे मोटरसायकलची माहितीपत्रकं घेऊन आले, कारखान्यातल्या सगळ्यांनी घेतली म्हणे. मी म्हटलं, "घ्या की. आणि ओट्यावरच्या आईला मागे बसवून फिरवून आणा." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी पावती आणून माझ्यापुढे ठेवली. बोनस बँकेत भरून आले होते. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी कोलंबीचं कालवण केलं. कंपनीच्या बसनेच ते शेवटपर्यंत कामावर गेले.

आणि फिटलं. पंधरा वर्षांचं कर्ज नवव्या वर्षी फिटलं. बँकेने दाखला दिला, त्यावर तलाठ्याकडे हेलपाटे घालून बोजा उतरवून घेतला. नवा उतारा हातात आला तशी सासूबाईंना सांगावा धाडला आणि मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले.

त्या आल्या आणि सवयीने ओट्यावर बसल्या. "वाच."

यांनी नवा उतारा उघडला. नाव वाचलं, क्षेत्र वाचलं. "इतर हक्क... काही नाही."

"काय नाय?"

"काही नाही आये. कोरं आहे."

मला वाटलं, आता हसतील, उठतील. त्या तशाच कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "म्हंजे माझा पन नाय?"

यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी ओरडते, हा माझा स्वभावच आहे. "अहो आई, इतर म्हणजे परके! तुमचं नाव तिथे कशाला येईल? तुम्ही काय इतर आहात? उठा आता, भात निवतोय माझा!"

त्या खांबाला धरून उठल्या. उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, आणि आत आल्या. पाटावर बसून पहिला घास घेतला, सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे.

"तांदूळ माझाच हाय," म्हणाल्या. "पन पानी जास्ती झालाय गो."

मी हसत हसत डोळे पुसले आणि पुन्हा भात वाढला. त्या दिवशीची संध्याकाळची एसटी त्यांना न घेताच गेली.