बिनदोराची मिरवणूक

दादा सापडत नव्हते, आणि दिवस चौदा एप्रिलचा होता.

दादा म्हणजे माझे वडील. वयानं ऐंशी ओलांडलेत. कंधारच्या एसटी आगारात मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढला, आता नांदेडला माझ्या भावाकडे असतात. मी लातूरला नोकरी करते. माझी लेक जर्मनीत इंजिनिअर आहे. तिला एप्रिलात आठवडाभराची सुट्टी मिळाली, तेव्हा तिनं मला आणि दादांना बोलावून घेतलं आणि इटलीच्या सिसिली बेटावरच्या एका जुन्या गावात नेलं. भोवती तटबंदी, खाली निळाशार समुद्र, दगडी पायऱ्यांचे बोळ आणि अंगणांतून डोकावणारी संत्र्यांची झाडं. "आई, इथं फक्त आराम करायचा," असं तिनं मला बजावलं होतं. आराम नावाची वस्तू आमच्या खानदानात कुणी पाहिलेली नाही, पण मी मान डोलावली.

तारखा ठरल्या तेव्हा दादांनी एवढंच विचारलं होतं, "म्हंजी जयंतीला तिकडंच व्हय?" नातीनं फोनवरून लाडीगोडी लावली आणि ते हो म्हणाले. तो हो किती जड होता हे घरात सगळ्यांना कळत होतं. आमच्याकडे जयंतीची मिरवणूक निघते तेव्हा दोन्ही बाजूंनी लांब दोर धरून माणसं चालतात. बायका-लेकरं, लेझीम, रथ दोराच्या आत. बघे दोराच्या बाहेर. गर्दी कितीही चढली तरी आतल्या माणसाला धक्का लागू द्यायचा नाही, हे दोरवाल्याचं काम. दादा आधी कंधारला आणि मग नांदेडला हे काम करत आले. भाषणं करणारे बदलले, वाजवणारे बदलले, दोराचं पुढचं टोक दादांच्या हातात राहिलं.

पहिले तीन दिवस बरे गेले. तटबंदी बघून दादा नातीला म्हणाले, "किल्ला पाह्याला इमानात बसून आलो व्हय? कंधारला घराच्या मागं हाय की." पण गाव त्यांना आवडलं होतं. दुपारी सगळी दुकानं बंद करून माणसं झोपायची, ते तर फारच आवडलं. "दुपारच्याला झोपणारं गाव श्यानं असतंय," असं त्यांनी प्रमाणपत्रही दिलं.

तेराच्या संध्याकाळी मात्र त्यांनी विचारलं, "इथं जवळपास विहार हाय का गं?" लेकीनं फोनमध्ये शोधलं. नव्हता. दिवसभर पायऱ्या चढून माझे गुडघे बोलत होते आणि माझी जीभ तशीही धारेचीच. मी म्हटलं, "एका साली जयंतीला नाही गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे का, दादा?" त्यांनी पांढरा सदरा-पायजमा घडी करून उशीखाली ठेवला, कडक व्हावा म्हणून, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी त्यांनी सगळ्यांच्या आधी अंघोळ केली. पांढरे कपडे, गळ्यात निळा गमछा. पिशवीतून आणलेली छोटी तसबीर खिडकीत ठेवली, तिघांनी वंदना घेतली. मग ते म्हणाले, "मी खाली पायरीवर बसतो उन्हाला." मी अंघोळीला गेले. चहाचा कप घेऊन खाली आले तर पायरी रिकामी.

आधी मला रागच आला. असतील इथंच, म्हणून वळणापर्यंत गेले. मग दुसऱ्या वळणापर्यंत. त्या गावातले बोळ असे की एक पाहिला की सगळे पाहिले. तीच पिवळी भिंत, तीच हिरवी झडप, तीच मांजर. मी वर हाक मारली तशी लेक अनवाणीच धावत खाली आली. दादांचा फोन वर चार्जिंगला होता. खिशात पत्त्याचा कागद नाही. त्यांना मराठी येते आणि निजामाच्या वेळची दखनी येते, आणि त्या गावात दोन्हींचा उपयोग शून्य.

लेक बेकरीवाल्या बाईला हातवाऱ्यांनी विचारत होती. म्हातारा, पांढरे कपडे. बाईनं भलत्याच उत्साहानं मान हलवली आणि चारी दिशांना बोट दाखवलं. मला तिचा संताप आला. माझ्या डोळ्यांपुढे तटबंदीवरून खाली गेलेल्या पायऱ्या होत्या, कठडा नसलेल्या, आणि त्यांच्या शेवटी समुद्र. "काल मी त्यांना टाकून बोलले," मी लेकीला म्हटलं. "आई, आत्ता ते नको," ती म्हणाली आणि माझा हात धरून ओढत निघाली.

तेवढ्यात खालच्या अंगानं बँड ऐकू आला. पितळी वाद्यं, पण संथ, आपल्याकडे मयताला वाजवतात तसं. लेक थबकली. "ईस्टरच्या आधीचा आठवडा आहे ना, यांच्या मिरवणुका असतात," ती म्हणाली.

मिरवणूक. मी पळतच सुटले. जिथे मिरवणूक तिथे दादा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बोळ एका उताराच्या रस्त्याला मिळाला आणि ते दिसले. रस्त्याच्या वरच्या टोकाला पायघोळ पांढरे झगे घातलेली पंधरावीस माणसं एक लाकडी चौथरा खांद्यांवर घेऊन येत होती. चौथऱ्यावर त्यांच्या देवाच्या आईची काळ्या वस्त्रातली मूर्ती, पायाशी मेणबत्त्या. आणि चौथऱ्याच्या पुढे, मिरवणुकीकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून आमचे दादा. पांढरे कपडे, निळा गमछा. "सरका, सरका. लेकरू मागं घ्या. ओ ताई, फोटू मंग काढा." अस्सल कंधारी आवाज. आणि ती इटलीची माणसं मुकाट भिंतीला लागत होती.

कसं झालं असेल ते मला न विचारता कळलं. मिरवणूक येतेय, दोर नाही, माणसं आत घुसतायत. दादांच्या अंगवळणी पडलेलं काम त्यांच्यापुढे तसंच पडून होतं. आमच्या जयंतीत पांढरे कपडे घालून आलेल्या माणसाला तू कोण, असं कुणी विचारत नाही. इथेही तसंच असणार, असं त्यांनी धरून टाकलं.

सापडले म्हणून माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट आता वेगळीच भीती वाटली.

त्याला कारण होतं. दादा दहा-अकरा वर्षांचे असतानाची, आमच्या लोकांनी धम्म घेण्याआधीची गोष्ट आहे. गावच्या जत्रेत देवाची पालखी निघायची. पुढे हलगी वाजवायला आमचीच माणसं लागत, पण पालखीला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. एका उतारावर भोयाचा पाय घसरला, पालखी कलली, आणि जवळ उभ्या असलेल्या दादांनी हात वर करून दांडा धरला. पडणारी वस्तू धरायची, एवढंच त्या वयात कळतं. पालखी वाचली. दादांना भर रस्त्यात मारलं. त्यांच्या वडलांना चावडीपुढे नाक घासायला लावलं आणि पालखी धुऊन घेतली. ही गोष्ट दादांनी मला एकदाच सांगितली होती, आणि सांगताना ते स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघत होते.

आता कुणी पुढे येऊन यांना दंडाला धरून बाहेर काढलं तर? आजच्या दिवशी, या कपड्यांत, नातीच्या डोळ्यांदेखत? त्यांना समुद्रानं गिळलं नव्हतं हे खरं, पण हे त्यांच्या जिव्हारी लागलं असतं. मी गर्दीत घुसले. "दादा, इकडे या," मी ओरडले. बँडमध्ये माझा आवाज कुणाला जाणार?

उतार तिथे चांगलाच तीव्र होता आणि दगड शतकानुशतकं पाय पडून गुळगुळीत झालेले. पुढच्या ओळीतल्या एका माणसाचा पाय सटकला. चौथरा दादांच्या बाजूला कलला, मेणबत्त्या लवंडल्या, बायकांमधून एक दबका चीत्कार उमटला. दादा गर्रकन वळले. त्यांचा उजवा हात वर गेला आणि त्यांनी दांडा धरला.

मी जागच्या जागी उभी राहिले. लेकीनं माझं मनगट आवळलं होतं, तिलाही ती गोष्ट माहीत होती. चौथरा सावरला. एका जाड्या, पांढऱ्या मिशांच्या माणसानं हातातली लाकडी फळी खाडकन वाजवली आणि सगळी मिरवणूक थांबली. बँडही थांबला. तो या सगळ्यांचा म्होरक्या असणार. तो सरळ दादांकडे चालत आला.

दादांनी दांडा सोडला, पण मागे सरले नाहीत. म्होरक्यानं त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. सदरा, गमछा, सगळं. मी माणसांना कोपरानं बाजूला करत होते आणि मनातल्या मनात शिव्या जुळवत होते, मराठीत, हिंदीत, येईल त्या भाषेत. दादांच्या अंगाला त्याचं बोट लागलं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

त्यानं पाय सटकलेल्या माणसाला खूण केली. तो लंगडत बाहेर आला आणि त्यानं खांद्यावरची घडी केलेली गादी काढून म्होरक्याच्या हातात दिली. म्होरक्यानं ती दादांपुढे धरली, दुसऱ्या हातानं दांड्याखालची रिकामी जागा दाखवली आणि मान किंचित लववली.

या, खांदा द्या, असं तो म्हणत होता. भाषा येत नसली तरी तेवढं आंधळ्यालाही कळलं असतं.

दादांनी त्या गादीकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात जोडले आणि शांतपणे मान हलवली. नाही. म्होरक्याला वाटलं वयामुळे म्हणत असतील, त्यानं पुन्हा आग्रह केला. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हसले, पुन्हा नाही म्हणाले. आणि वळून, हात पसरून, कामाला लागले. "सरका, सरका." फळी वाजली आणि मिरवणूक पुढे निघाली.

उताराच्या तळाशी, चौकातल्या कारंज्याच्या कट्ट्यावर आम्ही त्यांना अखेर ताब्यात घेतलं. कुणीतरी त्यांच्या हातात एक संत्रं दिलं होतं. मी तोंड सोडलं. सांगून जायला काय झालं होतं, फोन कशासाठी दिलाय, जीव कसा टांगणीला लागला होता.

"सांगाया येळ कुठं व्हता?" दादा म्हणाले. "यायच्याकडं दोर न्हाई. पब्लिक निस्ती आंगावर येऊन राहिली व्हती."

लेक त्यांच्या पायाशी बसली. "आजोबा, त्यांनी तुम्हाला इतक्या मानानं बोलावलं. का नाही गेलात?"

दादा संत्रं सोलत होते. "पडत व्हतं, धरलं. धरणं येगळं आन् खांदा देणं येगळं, बाळा. आपण देव सोडले." सालीचा तुकडा त्यांनी कट्ट्यावर नीट ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या टायमाला गावानं न्हाई म्हणलं व्हतं. आज ह्यानं या म्हणलं. न्हाई म्हणायची पाळी आज माझी आली, माय."

मला रडू फुटलं. सकाळपासूनचं सगळं एकदमच आलं, भीती, राग, आणि आदल्या संध्याकाळचं ते आभाळ. दादांनी मला रडू दिलं. मग अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "नांदेडला फोन लाव. इचार, दोराचं टोक कोणाकडं दिलं म्हणून."